माडावरची तार

आमच्या आवारात एक ब्रॉडबँड अँटेना आहे असे सांगितले की ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम इंटरनेट येते, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. गेल्या वीस वर्षांत या शब्दाने आपल्याकडे दुसरा अर्थ शिल्लकच ठेवलेला नाही. २०२० च्या जानेवारीत ही तार माडावर चढली त्या संध्याकाळी धर्मशिक्षणाच्या वर्गातील चार मुले दारात येऊन उभी राहिली. "फादर, ह्या वायफाय मां? पासवर्ड काय तेचो?" या तारेला पासवर्ड नसतो असे आम्ही सांगताच त्यांना क्षणभर आनंद झाला. परंतु तिच्यातून चित्रपट येत नाहीत, गाणी येत नाहीत, येतात ती फक्त माणसांची बोलणी आणि तीही बहुधा खरखरीत बुडालेली, हे कळल्यावर त्यांच्या मुद्रेवर आमच्याविषयी जी करुणा उमटली ती पाहण्यासारखी होती. त्या करुणेस पात्र ठरलेल्या तारेची ही हकिगत.

हौशी रेडिओ हा छंद आपल्या धर्मग्रामांत फारसा परिचित नाही, म्हणून दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. सरकारचा परवाना घ्यावयाचा, घरी एक प्रक्षेपक आणि ग्राहक यंत्र ठेवावयाचे आणि जगातील दुसऱ्या परवानाधारकाशी रेडिओलहरींवरून संवाद साधावयाचा, कोणत्याही मोबदल्याशिवाय. मध्ये ना कंपनी, ना मनोरा, ना उपग्रह. या छंदिष्टांना जगभर 'हॅम' म्हणतात. भारतात केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची वायरलेस शाखा परीक्षा घेऊन हा परवाना देते. वयाची १२ वर्षे पूर्ण झाली की परीक्षेस बसता येते. भारतीय हॅमच्या संकेतनामाची सुरुवात बहुधा 'व्ही यू' या अक्षरांनी होते. आम्ही परीक्षेस बसलो तेव्हा चाळिशी केव्हाच उलटली होती. सेमिनरीत ग्रीक क्रियापदे घोकलेल्या माणसाला मोर्सची अक्षरे जड जाऊ नयेत अशी आमची अपेक्षा होती. पण ग्रीक डोळ्यांनी शिकता येते, मोर्स कानांनीच शिकावे लागते. मिनिटाला ८ शब्द या गतीने ऐकून लिहिता येण्यास एक अख्खा पावसाळा खर्ची पडला.

परवाना मिळाला तरी खरा प्रश्न अँटेनाचाच असतो. यंत्र पैसे दिले की मिळते. अँटेना आपल्या जागेप्रमाणे, आपल्या झाडांप्रमाणे आणि आपल्या वाऱ्याप्रमाणे घडवावा लागतो. त्याचे मूळ गणित सोपे आहे. ३०० या आकड्याला मेगाहर्ट्झने भागले की लहरीची लांबी मीटरांत मिळते. ७ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ४३ मीटर लांब, १४ मेगाहर्ट्झची सुमारे २१ मीटर, २८ मेगाहर्ट्झची ११ मीटरांच्याही आत. लहरीच्या निम्म्या लांबीची तार ताणून तिच्या मध्यावर केबल जोडली की ती तार त्या लहरीला मनापासून प्रतिसाद देते, आणि इतर बहुतेक लहरींना ती परक्यासारखी वागवते. ७ पासून २८ मेगाहर्ट्झपर्यंत हौशी मंडळींसाठी राखलेले सात पट्टे आहेत. सात स्वरांना सात तारा लावायच्या म्हटले तर आमच्या आवाराचे कोळ्याचे जाळे झाले असते.

ब्रॉडबँड अँटेना म्हणजे या सातही पट्ट्यांवर चालणारी एकच तार. आम्ही निवडलेली रचना जुनी आहे. १९४० च्या दशकात अमेरिकेच्या नौदलात ती वापरली गेली आणि १९४९ साली तेथील हौशी मंडळींच्या मासिकात तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. दोन समांतर तारा घ्यायच्या, त्यांची टोके एकमेकींना जोडायची, एका तारेच्या मध्यावर यंत्राकडून येणारी केबल लावायची आणि दुसरीच्या मध्यावर एक विद्युत्‌रोधक बसवायचा. सर्वांत खालचा पट्टा ७ मेगाहर्ट्झचा धरला तर लांबी १४ मीटरांहून किंचित अधिक भरते, दोन तारांमधील अंतर सुमारे ४३ सेंटिमीटर राहते, आणि सारी रचना जमिनीशी अदमासे ३० अंशांच्या उताराने, एक टोक उंच व एक टोक सखल, अशी ताणावी लागते.

त्या रोधकातच या अँटेनाचे मर्म आहे आणि त्याचा उणेपणाही. जी लहर तारेच्या लांबीशी जुळत नाही ती यंत्राकडे परत फिरते आणि यंत्राला अपाय करू शकते. रोधक ती लहर स्वतःमध्ये घेतो आणि तिची उष्णता करून टाकतो. त्यामुळे यंत्र सुखरूप राहते, कोणताही पट्टा लावला तरी तार कुरकुरत नाही. पण यंत्रातून निघालेल्या शक्तीचा एखाद्या पट्ट्यावर तिसरा हिस्सा, खालच्या पट्ट्यांवर त्याहूनही अधिक, आकाशात न जाता त्या रोधकातच विरून जातो. म्हणून जाणकार हॅम या अँटेनाची टर उडवतात. पुण्याच्या एका स्नेह्यांनी आम्हाला विचारले, "फादर, जगाशी बोलायचे आहे की माडाला शेकायचे आहे?"

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मात्र या उणेपणाला एक दुसरी बाजू आहे. लघुलहरींच्या या पट्ट्यांवर कानी येणारा गोंगाट प्रामुख्याने आकाशातून येतो. दूरच्या विजांचा, वातावरणाचा, माणसाच्या यंत्रांचा. तार क्षीण असली तर दूरच्या माणसाचा आवाज जेवढा कमी होतो तेवढाच तो गोंगाटही कमी होतो, आणि दोहोंचे प्रमाण जवळजवळ कायम राहते. म्हणजे असे की ही तार बोलण्यात दुबळी असली तरी ऐकण्यात दुबळी नाही. हा हिशेब कागदावर मांडून पाहिल्यावर आमचा निर्णय झाला. पहाटेची मिस्सा, शाळा, आजाऱ्यांच्या भेटी, दफनविधी, समित्यांच्या बैठका यांतून धर्मगुरूला मोकळा वेळ मिळतो तो कोणत्या घटकेला मिळेल याचा नेम नसतो. आणि लहरींचेही तसेच असते. ७ मेगाहर्ट्झ सकाळी व उतरत्या दुपारी जवळपासच्या प्रांतांतून आवाज आणते, १४ मेगाहर्ट्झ सायंकाळी समुद्रापलीकडून. आम्हाला जी घटका मिळेल त्या घटकेला जो पट्टा जिवंत असेल तो ऐकता यावा, एवढीच आमची गरज होती. बोलण्याचे काम आम्ही रविवारी पुष्कळ करतो.

तार बसविण्याचे काम आमच्याच धर्मग्रामातील एका वृद्ध तांडेलाने पार पाडले. चाळीस वर्षे समुद्रात काढलेल्या या गृहस्थाला विद्युत्‌शास्त्राचा गंध नाही, पण दोर, वारा आणि ताण या तीन विषयांत त्याच्याइतका व्यासंग आम्ही कोठे पाहिलेला नाही. आम्ही पुस्तकात पाहून तार चांगली ताठ बांधण्याच्या बेतात होतो. त्याने डोके हलवले. "फादर, माड झुलता. ताठ बांधशात तर पयल्याच वाऱ्याक तुटतली." त्याने माडाच्या शेंड्याखाली, जमिनीपासून सुमारे १० मीटरांवर, एक कप्पी बांधविली, तीतून होडीवरचा नायलॉनचा दोर ओवला, आणि दोराच्या खालच्या टोकाला जाळ्याची शिशाची वजने एका पिशवीत भरून लटकविली. वाऱ्याने माड पलीकडे झुकला की पिशवी वर चढते, अलीकडे आला की खाली उतरते, आणि तार आपली शांत राहते. नारळ काढणारा मुलगा माडावर चढून कप्पी बांधीत असताना तांडेल खालून गाठ कशी मारायची ते ओरडून सांगत होता. दोन तारांमधील अंतर राखण्यासाठी पीव्हीसी नळीचे तुकडे वापरले. सखल टोक पडवीच्या खांबापासून थोडे दूर, लोखंडी नळीला बांधले. अर्थिंगसाठी खड्डा खणून कोळसा, मीठ आणि तांब्याची पट्टी घातली. आतल्या गावांत जांभ्या दगडामुळे चांगले अर्थिंग मिळणे कठीण. आमच्याकडे मात्र चार हात खणले की ओलसर खारी वाळू लागते आणि विजेला ती फार मानवते.

गावाने ही तार कशी स्वीकारली, हेही सांगितले पाहिजे. २००८ साली मुंबईवर समुद्रमार्गे हल्ला झाल्यापासून किनाऱ्यावरील दक्षता वाढली आहे, आणि ती वाढावयासच हवी. तार लागल्यावर पंधरा दिवसांत गणवेशातील दोन तरुण चौकशीस आले. आम्ही परवाना दाखविला, यंत्र दाखविले, चहा दिला. त्यांतील एकाने विचारले, "यावरून तुम्ही नेमके सांगता तरी काय?" प्रश्न मार्मिक होता. हवामान कसे आहे, तुमचा आवाज कसा येतो, तुमचा अँटेना कोणता, एवढेच सांगतो, असे उत्तर दिल्यावर त्यांचा विश्वास बसला की नाही कोण जाणे. पण दोघांनीही पुढे अर्धा तास एका जपानी गृहस्थाची खरखर कान देऊन ऐकली.

यावरून आम्हाला ब्राझीलमधील फादर रोबेर्तो लांडेल द मौरा यांची आठवण होते. या धर्मगुरूंनी १९०० साली साओ पाउलो शहरात सुमारे ८ किलोमीटर अंतरावर बिनतारी यंत्राने मानवी आवाज पाठविला, आणि १९०४ साली अमेरिकेत आपल्या यंत्रांचे पेटंट घेतले. त्यांच्याच काही भाविकांना हा सैतानाचा खेळ वाटला आणि त्यांची प्रयोगशाळा मोडण्यात आली, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. आमच्या धर्मग्रामाने आमच्याकडे केवळ पासवर्ड मागितला. शंभर वर्षांत माणसे बरीच सौम्य झाली म्हणावयाची.

तसे पाहिले तर आमच्या जिल्ह्याला रेडिओ नवीन नाही, आणि ज्या रेडिओची चौकशी खरोखर बंदुका घेऊन झाली असती असा रेडिओही येथे होऊन गेला आहे. १९५५ च्या नोव्हेंबरात आंबोलीच्या रानातून गोवामुक्तीचे एक गुप्त केंद्र बोलू लागले. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे दोघे तरुण ते चालवीत. पोर्तुगीज आणि कोकणी या दोन भाषांतून ते गोव्याच्या सीमेपलीकडे बातम्या पोहोचवीत, कारण सालाझारच्या राजवटीत तेथील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी झाली होती. पुढे केंद्र कॅसलरॉकच्या रानात हलविण्यात आले आणि १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत, म्हणजे सहा वर्षे, ते चालले. मुक्तीनंतर त्या दोघांनी विमानात बसून ध्वनिक्षेपकावरून ती वार्ता गोव्याच्या आकाशातून सांगितली. गोव्याच्या कॅथलिक घरात जन्मलेल्या लिबियाबाईंना २०२५ साली, वयाची शंभरी गाठल्यावर, पद्मश्री जाहीर झाली. सावंतवाडीहून घाट चढताना आम्हाला धबधब्यांपेक्षा त्या दोघांची आठवण अधिक येते. आंबोलीच्या पावसात यंत्र कोरडे ठेवणे म्हणजे काय, हे हॅमलाच कळेल.

मुंबईतही १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला होता. त्याची लहर ४२.३४ मीटरची. वर दिलेल्या रीतीने भागाकार केला तर ती ७ मेगाहर्ट्झच्या किंचित वर येते, म्हणजे आज जेथे आम्ही सकाळी पुण्या-बेळगावच्या मंडळींशी हवापाण्याच्या गप्पा मारतो, नेमका तोच पट्टा. तो रेडिओ तीन महिनेही चालला नाही; नोव्हेंबरात धाड पडून उषा मेहता यांच्यासह अनेकांना अटक झाली.

आमच्या बोलण्यात मात्र असे काहीच नसते, आणि नियमांनीच ते नसावे असे ठरविले आहे. हौशी केंद्रांच्या नियमावलीत असा आशय आहे की संभाषण प्रयोगांविषयी असावे, किंवा इतके किरकोळ वैयक्तिक असावे की त्यासाठी सार्वजनिक तारसेवेकडे जाण्याचे कारण पडू नये. ज्या तारसेवेचा येथे आधार घेतला तीच भारतात २०१३ साली बंद झाली, हा भाग निराळा. संगीत नाही, व्यापार नाही, तिऱ्हाइताचे निरोप नाहीत. प्रवचन तर त्यात कोठेच बसत नाही. म्हणजे या तारेपुढे बसलेला धर्मगुरू हा आपल्या धंद्याच्या बाबतीत मुका असतो. नेपाळात शाळा चालविणारे फादर मार्शल मोरान हे जेझुइट धर्मगुरू १९९२ साली वारले. अनेक वर्षे त्या देशातून ऐकू येणारा हौशी आवाज जवळजवळ त्यांचाच होता. आपल्या संकेतनामातील शेवटची दोन अक्षरे ते 'मिकी माऊस' अशी उच्चारीत. पोलंडचे संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांनी १९३८ साली आपल्या मठात रेडिओ केंद्र उभारले. त्यांना तर कॅथलिक हॅम आपला आश्रयदाताच मानतात. पण कोल्बे यांचे केंद्र बोलण्यासाठी होते. आमच्यासारख्याला मोरान यांचा मार्ग अधिक जवळचा: नाव सांगावे, ख्याली-खुशाली विचारावी, आणि गप्प बसावे.

हे गप्प बसणे नेहमी सोपे नसते. तार लागल्यावर पहिल्याच वर्षी टाळेबंदी आली. ज्यांची मुले आखातात किंवा जहाजांवर होती अशा आया सायंकाळी पडवीत येऊन बसत. "फादर, कुवेताक लागता मां ह्या? माझ्या झिलाक एक शबुद सांगशात?" कुवेतचा हॅम कधी कधी सायंकाळी १४ मेगाहर्ट्झवर स्पष्ट ऐकू येई, त्या आईने त्याचा आवाज स्वतःच्या कानांनी ऐकलेला असे. तरीही तिचा निरोप आम्हाला देता येत नसे. फोन चालू आहेत, तेव्हा फोन करावा, हा नियमाचा अर्थ आम्ही समजावून सांगत असू. फोनवर पैसे टाकण्याचीही ज्यांची ऐपत त्या दिवसांत उरली नव्हती त्यांना आम्ही आमचा फोन देत असू. तार मात्र दिली नाही.

तारेसोबत राहणे म्हणजे मुख्यतः गंजासोबत राहणे. खाऱ्या वाऱ्यात तांब्यावर सहा महिन्यांत हिरवा थर चढतो. जोडपेटीत एम-सील भरले तरी मीठ आपली वाट शोधतेच. वाळलेली झावळ दर दोन-तीन महिन्यांनी तारेवर कोसळते. कावळ्यांनी वरची तार स्वतःची मानली आहे, खंड्याने खालची. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात वीज कडाडू लागली की केबल यंत्रापासून काढून पडवीबाहेर ठेवणे हा आमचा सायंप्रार्थनेइतकाच नित्याचा नेम आहे. वीज दिसण्यापूर्वी कित्येक तास ती ऐकू येते. ७ मेगाहर्ट्झवर लांबवर कोठेतरी फाटल्यासारखा आवाज येत राहतो. जुन्या ट्रान्झिस्टरवर मच्छीमार हेच ऐकून होड्या ओढून घेत. आमच्या तांडेलाला ते ऐकवले तेव्हा तो म्हणाला की ही तार त्याच्या बापाच्या रेडिओपेक्षा फारशी शहाणी दिसत नाही.

१५ मे २०२१ रोजी त्याच तांडेलाने येऊन तार उतरवली. तौक्ते चक्रीवादळ समुद्रातून वर सरकत होते. दुसऱ्या दिवशी रविवार, स्वर्गारोहणाचा सण. साथीच्या निर्बंधांमुळे मंदिर बंद, आम्ही एकट्यानेच मिस्सा अर्पण केली. दुपारपर्यंत वाऱ्याचा जो आवाज सुरू झाला त्याचे वर्णन किनाऱ्यावरील वाचकांसाठी करण्याचे कारण नाही, आणि इतरांसाठी ते करता येणार नाही. वादळ किनाऱ्यावर न चढता गुजरातकडे निघून गेले. पण जाता जाता मालवण तालुक्यातले विजेचे खांब, माड, आंबे, कौले आणि मोबाइलचे जाळे घेऊन गेले. आमचा कप्पीचा माड मधोमध मोडला होता.

मंगळवारी सकाळी तांडेल आला. त्याने दोर, कप्पी आणि वजनांची पिशवी सोबतच आणली होती. उंच टोक आता मंदिराच्या घंटेच्या चौकटीला बांधले. ट्रॉलरची १२ व्होल्टची बॅटरी दोघांनी काठीला लटकवून आणली. नेहमीची साधने आपत्तीत बंद पडली म्हणजे निरोपांवरचा निर्बंध सैल होतो. त्या सकाळी तो पुरता सैल झाला होता.

आणि येथेच तारेचा उणेपणा आमच्यापुढे उभा राहिला. पुण्याच्या त्याच स्नेह्यांचा आवाज आम्हाला स्पष्ट येत होता. त्यांना आमचा येत नव्हता. ७ मेगाहर्ट्झ हा आमच्या तारेचा सर्वांत खालचा पट्टा, म्हणजे जेथे रोधक सर्वाधिक शक्ती गिळतो तो. ते पुन्हा पुन्हा विचारीत होते, कोण बोलत आहे, कोण बोलत आहे. आणि आम्ही आपले नाव सांगत होतो. शेवटी बोलणे सोडून आम्ही मोर्सची कळ हाती घेतली. शब्द जेथे बुडतात तेथे टिंबे आणि रेघा तरंगतात. त्यांनी लगेच ओळखले.

मोर्सने मिनिटाला आठ-दहा शब्द जातात. बॅटरी किती टिकेल याची खात्री नव्हती. पडवीत एकवीस कुटुंबे जमली होती, अंतर राखून, तोंडाला पदर आणि रुमाल बांधून. प्रत्येकाला एक फोन क्रमांक आणि तीन शब्द, असे ठरले. पुण्याचे स्नेही ते क्रमांक फिरवणार होते. तीन शब्दांत काय सांगावे यावर माणसे इतका विचार करताना आम्ही कबुलीच्या रांगेतही पाहिलेली नाहीत. कोणी 'होडी गेली, आम्ही आहोत' म्हणून सांगे आणि मग एक शब्द कमी करण्यासाठी होडी काढून टाकी. एका वृद्ध बाईंचा मुलगा मुंबईत होता. त्यांच्या घराचे छप्पर संपूर्ण उडाले होते. त्या रात्री शेजाऱ्याच्या गोठ्यात झोपल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आम्ही बरे, इतक्याच सांगा. छप्पर गेला ता सांगा नकात. तो धावत येतलो. वाटेत पोलीस, घाट, पाऊस. नको." मागून कोणी तरी म्हणाले, "खोटा कित्याक सांगतस?" बाई वळल्या. "आम्ही बरे आसव. ह्या खोटा काय?"

सेमिनरीत नीतिशास्त्राच्या वर्गात या प्रश्नावर दोन तास चर्चा झाली असती. आमच्यापुढे बॅटरीचा काटा होता. निरोप ज्याचा त्याचा असतो, तार फक्त तो वाहून नेते, असे आम्ही मानले आणि रोमन लिपीत नऊ अक्षरे पाठविली: आम्ही बरे. पुण्याहून पोच आली. दुसऱ्या दिवशी उत्तरेही आली, एकवीसपैकी सतरा जणांची. चार क्रमांक लागलेच नाहीत. त्या बाईंच्या मुलाचे उत्तर होते: छप्पर?

आम्ही ते वाचून दाखविले. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सांगा, ताडपत्री हा." ताडपत्री अजून नव्हती. ती तांडेलाने त्याच संध्याकाळी आपल्या होडीवरची काढून दिली, तेव्हा आम्ही निरोप दुसऱ्या सकाळी पाठविला.

जूनमध्ये निर्बंध सैल झाल्यावर मुलगा आला. त्याने कौले बसवून घेतली आणि जाण्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे आला. "तुमका ठाऊक होता मां, फादर?" होय, आम्ही म्हणालो. तो काही बोलला नाही. त्याने यंत्र कोठे आहे ते विचारले, कळ हातात घेऊन पाहिली, मग बाहेर जाऊन घंटेच्या चौकटीपासून पडवीपर्यंत तार डोळ्यांनी मोजली. तो मुंबईत विजेचीच कामे करतो. रोधकाची पेटी उघडून त्याने आतली जोडणी पाहिली, एक काळा पडलेला सांधा नव्याने डाखला, आणि झाकणाला रबराची पट्टी लावून दिली. पाणी तेव्हापासून आत गेलेले नाही.

पुण्याच्या स्नेह्यांनी त्यानंतर आम्हाला ७ मेगाहर्ट्झसाठी एक वेगळी, साधी, २० मीटरांची तार लावण्याचा आग्रह धरला, आणि आम्ही ती लावली. संकटात बोलण्यासाठी ती आहे. एरवी आम्ही अजून जुनीच तार वापरतो. तिने कोणाला हाक ऐकू जात नाही, पण तिला सर्व ऐकू येते, आणि बहुतेक संध्याकाळी आम्हाला तेवढेच हवे असते. ती आता पुन्हा माडावर आहे, दुसऱ्या.

पुढील वर्षी आमची बदली होण्याचा संभव आहे. केंद्राचा पत्ता परवान्यात नोंदलेला असतो. तार येथे ठेवून चालणार नाही, जोपर्यंत येथे दुसरा परवानाधारक नाही. तांडेलाची नात गेल्या सुट्टीपासून शनिवारी संध्याकाळी येऊन बसते. येत्या डिसेंबरात तिला १२ वर्षे पूर्ण होतील. आजोबा पडवीत बसून पावसाळ्यापूर्वी बदलावयाचा दोर ओढून पाहत असतात आणि ती कानाला यंत्र लावून वहीत अक्षरे उतरविते. सध्या मिनिटाला पाच शब्द घेते. क्यू आणि वाय यांच्यात अजून गोंधळ होतो.